पहिल्या बक्षिसाची दुरुस्ती
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, स्टीलचा डबा. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं आणि ते दीड हजार फूट उंच गेलं, असं मी ठणकावून सांगितलं होतं. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. म्हणून दुरुस्तीही तुमच्यासमोरच करते.

मध्यंतरी हीच गोष्ट लेकीला सांगितली, तर ती म्हणाली, “आई, फोटो कुठाय?” आयुष्यभर सहकाऱ्यांना “नुसतं चाललं म्हणू नका, नोंद दाखवा” म्हणणारी मी गप्प झाले. मग शोधायला बसले. तळपदे खरे, त्यांचा संस्कृतचा व्यासंग खरा, विमानाचं वेडही खरं. पण त्या उड्डाणाचं छायाचित्र, मोजमाप किंवा खात्रीचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. मी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला दिला होता, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता राइट बंधू पाहा. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण अवघं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पण ऑर्व्हिलने डायरीत त्या दिवसाची नोंद केली. कॅमेरा आधीच रोखून ठेवला होता. मदतीला आलेल्या जॉन डॅनियल्सने तो दाबला. वडिलांना केलेल्या तारेत सर्वांत लांब उड्डाण ५७ सेकंदांचं असं पडलं. प्रत्यक्षात ते ५९ सेकंदांचं होतं. कागद जपले म्हणून ही चूकही कळली. १९१३ च्या पुरात त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह भिजल्या. पुराचं पाणी कागदांचं काय करतं, हे प्रवराकाठच्या आपल्याला सांगायला नको. तरीही पहिल्या उड्डाणाची काच वाचली. आज ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

आपल्याकडेही हे घडतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. टाटांचे जुने कागद, छायाचित्रं पुण्याच्या टाटा सेंट्रल आर्काइव्ह्जमध्ये जपलेली आहेत.

तळपद्यांचा अभिमान मी सोडलेला नाही. दुःख एवढंच की त्यांनी नेमकं काय केलं, हे आपण सांगू शकत नाही. कुणीतरी एक वही नीट ठेवली असती, तर आज त्यांच्या खऱ्या कष्टांना न्याय मिळाला असता.

आज इथे सगळ्यांनी जुने फोटो आणलेत. मघाशी एका फोटोतल्या तिघींची नावं आम्हा कुणालाच आठवेनात, आणि अजून तीस वर्षंही झालेली नाहीत! म्हणून विनंती: घरी जाण्यापूर्वी प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने नावं, साल आणि प्रसंग लिहा. एक प्रत शाळेला द्या. सर, बाई, तुमच्या आठवणीही आम्हाला लिहून घेऊ द्या.

बक्षिसाचा डबा मात्र परत करत नाही. त्यात डाळ भरलेली आहे.