घराखालचा ट्रामचा थांबा



आज मी ट्रामच्या थांब्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? उभं राहायचं, ट्राम आली की चढायचं. पण मेलबर्नच्या डॉकलंड्समध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला विचारून बघा. मुलं सकाळी कामावर जातात आणि उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर एकटी असते. जिनं गावाकडे बँक, मंडई, दवाखाना, लग्नकार्यं सगळं एकटीनं निभावलं, ती इथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी शनिवारची वाट बघते. तीच गोष्ट लग्न होऊन नव्यानं आलेल्या, हाताशी लहान बाळ असलेल्या मुलीची. घराखालचा थांबा वापरता आला, तर या दोघींचा दिवस बदलतो.

आधी या जागेबद्दल थोडं. डॉकलंड्स म्हणजे गोदीचा परिसर. इथली व्हिक्टोरिया गोदी १८९२ साली सुरू झाली. पुढे कंटेनरची मोठी जहाजं आली, बंदराचं काम पश्चिमेकडे सरकलं आणि हे धक्के ओस पडले. १९९०च्या दशकात इथे नवी वस्ती उभारायचं ठरलं. आज त्या धक्क्यांवर फ्लॅट, कचेऱ्या आणि मोठं स्टेडियम आहे. आपल्या माझगावची गोदी आठवा आणि तिथे उंच इमारती आणि दारात ट्राम असं चित्र मनात आणा, म्हणजे कल्पना येईल. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकींना ट्रामची सवयच नाही. न बसलेल्या वाहनाची धास्ती वाटली, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता पहिली चिंता, पैशांची. मेलबर्न शहराचा मधला भाग आणि डॉकलंड्स मिळून एक 'फ्री ट्राम झोन' आहे. १ जानेवारी २०१५ पासून या हद्दीत ट्रामचा प्रवास मोफत आहे. चढायचं ठिकाण आणि उतरायचं ठिकाण, दोन्ही हद्दीत असतील तर तिकीट नको, कार्ड नको. उलट हद्दीतल्या हद्दीत फिरताना कार्ड यंत्राला लावू नका, लावलंत तर पैसे कापले जातील. पण हद्दीबाहेर जाणार असाल, तर मात्र कार्ड लावायलाच हवं. ट्राममध्ये कार्ड विकत मिळत नाही आणि त्यात पैसेही भरता येत नाहीत, ते आधी दुकानातून किंवा स्टेशनवरून करून घ्यायचं. तपासनीस कधीही चढतात आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून दंड चुकत नाही. हद्द संपत आली की ट्राममध्ये तशी सूचना होते आणि थांब्यांवरही पाटी असते. सुरुवातीला हद्दीच्या आतच फिरा. तेवढ्यातही पुष्कळ आहे.

दुसरी चिंता, कुठली ट्राम पकडायची? डॉकलंड्सच्या उत्तर टोकाला 'वॉटरफ्रंट सिटी' हा शेवटचा थांबा आहे. तिथून ७० नंबरची ट्राम फ्लिंडर्स स्ट्रीटनं मोठ्या स्टेशनावरून जाते. ८६ नंबरची बर्क स्ट्रीटनं, म्हणजे मोठ्या दुकानांच्या रस्त्यानं जाते. व्हिक्टोरिया हार्बरच्या बाजूला राहत असाल, तर तिथून ११ आणि ४८ नंबरच्या ट्राम कॉलिन्स स्ट्रीटनं शहरात जातात. आपल्या थांब्यावर येणारे नंबर आणि थांब्याचं नाव एका कागदावर मराठीत लिहून पर्समध्ये ठेवा. त्याच कागदावर घरचा पत्ता आणि मुलांचे फोन नंबर इंग्रजीतही लिहा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या ट्रामचा नंबर एकच असतो. नुसतं ८६ बघून चढलात, तर घराऐवजी दूर बंडूराला पोहोचाल. म्हणून नंबरासोबत पुढच्या पाटीवरचं गावाचं नावही वाचायचं. घरी येताना तिथे 'वॉटरफ्रंट सिटी' हवं. इंग्रजी वाचायची सवय नसेल, तर नातवंडांकडून ते नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि पाटीशी जुळवून बघा.

आता चढणं-उतरणं. इथले थांबे नवे आहेत, फलाट उंच केलेला असतो. खालच्या जमिनीची ट्राम आली, तर पायरी न चढता सरळ आत जाता येतं, बाबागाडीही ढकलत नेता येते. मात्र सगळ्याच ट्राम तशा नाहीत. काही जुन्या ट्रामना उंच पायऱ्या आहेत. थांब्यावर पुढच्या ट्रामच्या वेळा दाखवणारा फलक असेल, तर खालच्या जमिनीच्या ट्रामसमोर चाकाच्या खुर्चीचं चिन्ह दिसतं. गुडघे दुखत असतील किंवा सोबत बाळ असेल, तर पाच-दहा मिनिटं थांबा आणि तीच पकडा. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. नव्या ट्रामचं दार बंद दिसलं, तर दारावरचं बटण दाबा. आत गेल्यावर आधी दांडा धरा, मग जागा शोधा, कारण ट्राम झटक्यानं निघते. दाराजवळच्या राखीव जागा तुमच्यासारख्यांसाठीच आहेत, संकोच करू नका. उतरायच्या आधी थांबण्याचं बटण दाबा.

रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघा. ट्राम जड असते, तिला पटकन थांबता येत नाही आणि ती वळूनही चुकवू शकत नाही. गोदीवरच्या वाऱ्यात तर तिची घंटाही नीट ऐकू येत नाही. तो वारा उन्हाळ्यातही बोचतो, म्हणून स्वेटर बरोबर ठेवा. ओढणी आणि साडीचा पदर आवरून घ्या.

डॉकलंड्समध्ये शिकलेलं जुन्या उपनगरात तसंच्या तसं चालत नाही, हेही सांगते. तिथे बऱ्याच ठिकाणी फलाट नसतो. ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते आणि आपण फुटपाथवर उभ्या असतो. तिथे हात दाखवून ट्राम थांबवावी लागते. दारं उघडल्यावर मोटारींनी मागे थांबायचं असा कायदा आहे, पण कायद्यावर भरवसा ठेवून पाऊल टाकू नका. चढायला जाताना उजवीकडे बघा, उतरताना डावीकडे. मोटारी थांबल्याची खात्री झाली की मगच रस्त्यावर पाय ठेवा.

सुरुवात कशी करायची? पहिल्या दिवशी नुसतं थांब्यावर जाऊन बसा आणि चार ट्राम जाऊ द्या. लोक कसे चढतात ते बघा. दुसऱ्या दिवशी दोन थांबे जा आणि परत या. तिसऱ्या दिवशी कुणी मैत्रीण मिळाली तर तिच्याबरोबर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट गाठा. एकदा ट्राम बदलावी लागते, पण तेही मोफत हद्दीतच आहे. सोमवारी आणि बुधवारी हा बाजार बंद असतो, तेवढं बघून निघा. व्हिक्टोरिया हार्बरच्या बाजूला पाण्याकाठी 'लायब्ररी ॲट द डॉक' हे वाचनालयही आहे. तिथे बसायला पैसे पडत नाहीत. स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना असेल, त्या दिवशी मात्र सुटण्याची वेळ टाळा, थांब्यावर पाय ठेवायला जागा नसते.

घरातल्या मुलांना आणि जावयांनाही दोन शब्द. "आई, तू कशाला एकटी जातेस, आम्ही नेऊ ना" हे तुम्ही प्रेमानं म्हणता. पण त्या प्रेमानं तिचे पाच दिवस घरात अडकतात. एका रविवारी तिच्याबरोबर थांब्यावर जा. तुम्ही मागे उभे राहा, पाटी तिला वाचू द्या, बटण तिला दाबू द्या. त्यानंतर तिला तुमच्या रजेची वाट बघावी लागणार नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात आपल्या थांब्यावर येणारे ट्रामचे नंबर पाठ करा आणि शेजारच्या इमारतीतल्या एकीला तरी सोबत घ्या.