कुलूप कुणाचं, ते आधी बघा



आजचा विषय अगदी रोजचा आहे. कॉम्प्युटरवरची एखादी फाइल पुसायला जावं आणि त्यानं सरळ नाही म्हणावं. ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे.’ पुन्हा प्रयत्न केला तरी तेच. घरी असं झालं तर आपण वैतागतो आणि राहू दे म्हणतो. मी जिथे काम करतो तिथे ती राहू देता येत नाही आणि दांडगाईनं उडवताही येत नाही. का, ते सांगतो.

मी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लहान वर्कशॉपचे कॉम्प्युटर सांभाळतो. १९७५ साली अवकाशात गेलेला आपला पहिला उपग्रह, आर्यभट्ट, याच पीण्यातल्या शेडमध्ये बांधला गेला. आज इथे टर्निंग, मिलिंग, प्लेटिंग, गारमेंट अशी हजारो युनिटं आहेत. माझी गिऱ्हाइकं त्यातली छोटी. चार-पाच सीएनसी मशिनं, एक ऑफिस, एक क्वालिटीची खोली आणि सगळ्यांची ड्रॉइंगं ज्यावर ठेवलेली असतात तो एक सामाईक कॉम्प्युटर.

अशा ठिकाणी पार्टीकडून ड्रॉइंगची नवी आवृत्ती येते. समजा, रिव्हिजन बी गेलं, सी आलं. भोक आधी १२ मिलिमीटरचं होतं, आता साडेबाराचं आहे. जुनं ड्रॉइंग फोल्डरमध्ये तसंच राहिलं आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरनं तेच उघडलं, तर सकाळी अख्खा लॉट भंगारात. छोट्या मालकाचा महिन्याचा नफा त्यात जातो. म्हणून जुनी फाइल हलवणं हे इथे साफसफाईचं काम नाही, उत्पादनाचं काम आहे. आणि नेमकी तीच फाइल हलत नाही!

आता कॉम्प्युटर नाही का म्हणतो, ते समजून घेऊ. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो सिस्टिमला सांगून ठेवतो, माझं काम चालू असताना दुसऱ्यानं ही वाचली तर चालेल का, तिच्यात लिहिलं तर चालेल का, पुसली तर चालेल का. पुसायची परवानगी त्यानं दिली नसेल, तर सिस्टिम तुम्हाला अडवते. म्हणजे हा बिघाड नाही. कुणीतरी ती फाइल हातात धरून ठेवली आहे.

आमच्या मेंटेनन्सच्या माणसांना हे सांगायला मला वेळ लागत नाही. मोठ्या मशीनच्या आत शिरायचं असेल तर ते आधी पॅनेलचा मेन स्विच पाडतात, त्याला स्वतःचं कुलूप घालतात आणि नावाची पट्टी लटकवतात. किल्ली त्यांच्याच खिशात. उत्पादन कितीही खोळंबलेलं असो, त्या कुलपाला कुणी करवत लावत नाही. आधी पट्टीवरचं नाव वाचतात आणि त्या माणसाला शोधतात. कारण तो आत असू शकतो.

गंमत अशी, की फाइलच्या कुलपालाही बऱ्याचदा नावाची पट्टी असते. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडलं की शेजारी त्याच नावाची, पण डीडब्ल्यूएल असं शेपूट असलेली एक लपलेली छोटी फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडा. ड्रॉइंग कुणी, कुठल्या कॉम्प्युटरवर, कधी उघडलं ते तिच्यात लिहिलेलं असतं. वर्ड आणि एक्सेलही अशीच एक लपलेली फाइल ठेवतात, तिच्या नावाच्या सुरुवातीला एक नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असतं.

एका वर्कशॉपमधली गोष्ट सांगतो. ऑफिसातला पोरगा चिकोडीकडचा, हुशार. रिव्हिजन बी निघत नव्हतं, म्हणून त्यानं इंटरनेटवरून जबरदस्तीनं फाइल उडवणारं कुठलंसं सॉफ्टवेअर उतरवून ठेवलं होतं. मला म्हणाला, ‘सर, उडवू का? दोन सेकंदांचं काम आहे.’

मी म्हटलं, ‘उडव रे, पण आधी कुणी धरलीय ते तरी बघू.’

ती छोटी फाइल उघडली. नाव निघालं क्वालिटीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं. आम्ही दोघं तिकडे गेलो. तिथल्या मॅडम जुन्या ड्रॉइंगवर तपासणीच्या नोंदी टाकत बसल्या होत्या. पोरगा म्हणाला, ‘मॅडम, बी बंद झालंय ना?’ त्या म्हणाल्या, ‘नव्या ऑर्डरला बंद झालंय. पण जुनी मशिनं बाजारात आहेत, त्यांचे स्पेअर बीप्रमाणेच द्यायचेत. हा लॉट शनिवारी जायचा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?’

कुणी सांगितलं नव्हतं. पर्चेस ऑर्डर क्वालिटीकडे होती आणि ‘बी काढून टाका’ असा निरोप ऑफिसात. कॉम्प्युटरनं अडवलं म्हणून दोन खोल्यांमधलं बोलणं झालं. शेवटी ती फाइल पुसली नाही. ‘फक्त स्पेअरसाठी’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये गेली आणि मशीनवरच्या ऑपरेटरांना त्या फोल्डरची परवानगी ठेवली नाही. ते उतरवलेलं सॉफ्टवेअरही आम्ही काढलं. अशा फुकट सॉफ्टवेअरबरोबर काय काय आत येतं, ते आपल्याला दिसत नाही.

आता तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, आलेला संदेश पूर्ण वाचा. ‘उघडी आहे’ आणि ‘परवानगी नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. परवानगी नसेल तर ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे त्याला बोलवा. तिथे प्रोग्रॅम बंद करून काही होणार नाही.

दुसरं, उघडी असेल तर प्रोग्रॅम नीट बंद करा. तरी अडली तर एक्सप्लोररचा प्रिव्ह्यूचा कप्पा बंद करून बघा. फाइलचं चित्र दाखवण्यासाठी कधीकधी तोच ती धरून बसतो. अँटिव्हायरस तपासत असेल किंवा क्लाउडवर फाइल चढत असेल, तर पाच मिनिटं थांबा.

तिसरं, धरणारा सापडत नसेल तर विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा. त्यात सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ असा भाग आहे, तिथे फाइलचं नाव टाकून शोधा. कुठल्या प्रोग्रॅमनं ती धरली आहे ते दिसतं. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधलं फाइल लॉकस्मिथ हेच काम राइट क्लिकवर करतं.

चौथं, फाइल सामाईक कॉम्प्युटरवर असेल तर धरणारा दुसऱ्या खोलीत असणार. सामाईक कॉम्प्युटरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यात ‘ओपन फाइल्स’ बघा. कुणी काय उघडलं आहे त्याची यादी मिळते. तिथूनच फाइल बंद करता येते, पण समोरच्यानं सेव्ह केलेलं नसेल तर त्याचं काम जाईल. आधी फोन करा.

पाचवं, यातलं काहीच लागू पडलं नाही तर रिस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रिस्टार्ट. आजकाल विंडोज शट डाउन करताना सिस्टिमचा काही भाग साठवून ठेवतं आणि सुरू होताना तोच परत आणतं. रिस्टार्टमध्ये पाटी कोरी होते.

काही हुशार मंडळी प्रोग्रॅम चालू ठेवून फक्त त्याच्या हातातली फाइल सोडवतात. तशी सोय असलेली साधनं आहेत. हे करू नका. प्रोग्रॅमला वाटतं की फाइल अजून आपल्याच हातात आहे. त्याच क्रमांकावर मधल्या काळात दुसरी फाइल उघडली गेली, तर तो पुढचं सगळं तिच्यात लिहीत सुटतो.

आमच्याकडे याहून मोठा धोका मशीनचा. साच्यांच्या कामातले प्रोग्रॅम फार लांब असतात, जुन्या मशीनच्या मेमरीत मावत नाहीत. मग कॉम्प्युटर केबलवरून मशीनला थोड्या थोड्या ओळी पुरवत राहतो. याला ड्रिप फीड म्हणतात. पुरवणारा प्रोग्रॅम तुम्ही टास्क मॅनेजरमधून मारलात, तर पुढच्या ओळी येणं थांबतं. टूल जॉबमध्येच उभं राहून फिरत राहतं आणि पृष्ठभागावर डाग उमटतो. कित्येक तासांचं मशिनिंग वाया. म्हणून मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर काहीही बंद करण्याआधी ऑपरेटरला विचारा, ‘अण्णा, काय चालू आहे?’

मॅकवर असाल तर फाइल निवडून ‘गेट इन्फो’ उघडा. तिथे ‘लॉक्ड’वर खूण असेल तर ती कुणीतरी मुद्दाम केलेली आहे. काढायची का, हे ठरवूनच काढा. लिनक्सची तऱ्हा उलटी. तिथे उघडी फाइलही पुसता येते. नाव लगेच जातं, पण धरणारा सोडेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर राहतो. म्हणून लिनक्सवर मोठी लॉग फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर तिथेही प्रश्न तोच, अजून कोण धरून बसलं आहे?

एक प्रकार मात्र खरोखर बेवारस कुलपाचा. लाइट गेली, ऑटोकॅड धाडकन बंद पडलं, माणूस घरी गेला आणि ती छोटी डीडब्ल्यूएल फाइल मागे राहिली. आत मेंटेनन्सवाला नाही, नुसती पट्टी लटकते आहे. ती काढायला हरकत नाही, पण पट्टीवरच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन ड्रॉइंग खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघून मगच.

सोमवारी कामावर गेलात की एवढं करा. सामाईक फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि अशा जुन्या पट्ट्या किती लटकताहेत ते मोजा. प्रत्येकीवरचं नाव वाचा, त्या माणसाला विचारा, मग काढा. आणि विचारताना एक प्रश्न जास्तीचा विचारा. हे ड्रॉइंग अजून कुणाला लागतं का?