रडारचा पासंग



आपण आठवड्याच्या बाजारात जातो. भाजीवाला तराजू उचलतो. शहाणी बाई आधी काय पाहते? रिकामी पारडी सारखी राहतात का, ते पाहते. एक पारडे झुकले, तर ती म्हणते, "आधी पासंग काढा, मग माल घाला." आज आम्ही अशाच एका तराजूविषयी बोलणार आहोत. तो धान्य तोलत नाही. समुद्रावरची दिशा आणि अंतर सांगतो. त्याचे नाव रडार.

डोंगरासमोर उभे राहून हाक मारली, की ती परत ऐकू येते. डोंगर जवळ असला तर लवकर येते. लांब असला तर उशिरा येते. रडारही तसेच करते. बोटीवर त्याची अँटेना गरगर फिरते आणि चारी दिशांना रेडिओच्या लहरी सोडते. जहाज, खडक, किनारा यांवर आपटून त्या परत येतात. यंत्र वेळ मोजते आणि पडद्यावर ठिपका दाखवते. रात्र असो, धुके असो, ठिपका दिसतो.

मोठे उपयोगी यंत्र आहे. पण त्यालाही पासंग असतो, बरं का!

गेल्या साली आमच्या ओळखीच्या एका तांडेलाने बोटीवर रडार बसवले. मोठ्या कौतुकाने त्याने आम्हांला बोटीवर नेले. सकाळची वेळ होती. हवा स्वच्छ होती. बंदराबाहेरचा बोया बोटीच्या अगदी नाकासमोर होता. पडद्यावर मात्र त्याचा ठिपका उजवीकडे दिसत होता. आम्ही विचारले, "तांडेल, खरे कोण? बोया की यंत्र?"

तो हसला. मग गप्प झाला. म्हणाला, "गुरुजी, धुक्यात मी यंत्रालाच खरं मानलं असतं."

चूक ५ अंशांची होती. ऐकायला थोडी वाटते. पण ६ सागरी मैलांवर तीच चूक जवळजवळ १ किलोमीटर होते. तेवढ्यात खडक चुकतो किंवा बोट खडकावर जाते.

मग रडार पारखावे कसे? चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट जागेची. अँटेना उंच आणि मोकळ्या जागी हवी. डोलकाठी आड आली, तर त्या बाजूचे नीट दिसत नाही. ती माणसांच्या डोक्यांहून वर हवी आणि होकायंत्रापासून लांब हवी. दुरुस्तीसाठी वर चढण्याआधी रडार बंद करावे.

दुसरी गोष्ट दिशेची. स्वच्छ दिवशी बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एखाद्या बोयावर सरळ धरावे. पडद्यावर नाळेची रेषा असते. ठिपका त्या रेषेवर येईपर्यंत दुरुस्ती करावी. आमच्या तांडेलाने मिस्तरीला बोलावून तेच करून घेतले.

तिसरी गोष्ट अंतराची. रेडिओची लहर एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. वेळ मोजताना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर १५० मीटरांनी चुकते. म्हणून सरळ धक्क्याजवळ जावे आणि लहान पल्ला लावावा. डोळ्यांना सरळ दिसणारा धक्का पडद्यावरही सरळ दिसला पाहिजे. तो आत ओढल्यासारखा किंवा बाहेर फुगल्यासारखा दिसला, तर अंतराची दुरुस्ती करून घ्यावी.

चौथी गोष्ट लाटांची. जवळच्या लाटांचेही ठिपके पडतात. ते पुसायला एक कळ असते. पण ती फार फिरवली, तर लाटांबरोबर लहान होडीही पुसली जाते. त्या होडीत माणसे असतात! लाकडाची होडी रडारला आधीच फिकी दिसते. म्हणून होडीवाल्यांनीही उंच जागी धातूचा परावर्तक बांधावा. त्यावर लहरी आपटून जोराने परत जातात.

कोणी म्हणेल, "एवढे कशाला? रडार आहे ना!" तर ऐका. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन मोठी जहाजे एकमेकांवर आदळली. धुके होते. दोघांकडेही रडार होते. दोघांनीही एकमेकांना पडद्यावर पाहिले होते. पण एकाला वाटले, समोरचे जहाज आपल्या उजवीकडून जाईल. दुसऱ्याला वाटले, डावीकडून जाईल. या अपघातात ५१ माणसे गेली. ठिपका दिसला म्हणजे काम झाले, असे नाही. त्याची दिशा आणि अंतर पुन्हा पुन्हा पाहावे, आणि डोळे व कान उघडे ठेवावेत.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. मग बोटी बाहेर पडतात. त्याआधी एक दिवस रडारसाठी ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते. बोटीवर एक वही ठेवा. तारीख लिहा. बोया कुठे होता आणि ठिपका कुठे पडला, ते लिहा. पुढच्या खेपेला ताडून पाहा. तांडेल बदलला, तरी वही बोटीवरच राहील आणि नव्या माणसाला ती वाचता येईल.

स्वच्छ दिवशी जे पारखले, तेच धुक्यात कामाला येते. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.