डॅनियल बून : मीठ, खटला आणि ब्लू लिक्स

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



अमेरिकेच्या सीमावर्ती इतिहासाची गोष्ट बहुधा बंदूक आणि घोडा यांपासून सुरू होते. डॅनियल बूनच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पेच मात्र मिठापासून सुरू झाला. १७७८ च्या जानेवारीत केंटकीतील बून्सबरो गढीतले सुमारे तीस पुरुष लिकिंग नदीकाठच्या खाऱ्या झऱ्यांवर गेले. झऱ्याचे पाणी मोठमोठ्या कढयांत दिवसरात्र आटवायचे आणि तळाशी साचेल ते मीठ घोड्यांवर लादून घरी धाडायचे, असे हे काम होते. मिठावाचून मांस टिकत नाही आणि मांसावाचून अरण्यातला हिवाळा निघत नाही. या मंडळींचा प्रमुख होता मिलिशियाचा कॅप्टन, म्हणजे नागरिकांनीच उभारलेल्या लोकसेनेचा अधिकारी, डॅनियल बून.

बूनचा जन्म १७३४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील विणकाम आणि लोहारकाम करीत. पुढे हे कुटुंब उत्तर कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्यात गेले. १७५६ मध्ये रिबेका ब्रायनशी त्याचा विवाह झाला आणि या दांपत्याला दहा अपत्ये झाली. १७६९ मध्ये कंबरलँड खिंड ओलांडून तो केंटकीत शिकारीला गेला आणि त्या भूमीने त्याला कायमचे ओढून घेतले. १७७३ मध्ये वसाहतीसाठी निघाला, तेव्हा वाटेतच त्याचा थोरला मुलगा जेम्स हालहाल होऊन मारला गेला. तरीही १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीसाठी सुमारे तीस कुऱ्हाडवाल्यांसह त्याने अरण्यातून वाट पाडली आणि केंटकी नदीकाठी बून्सबरो उभे राहिले. हेंडरसनने ही भूमी चेरोकी जमातीकडून विकत घेतली होती. त्याच अरण्यात शिकार करणारे शॉनी त्या सौद्यात नव्हते. पुढील साऱ्या रक्तपाताचे मूळ इथे आहे, आणि बूनची थोरवी सांगताना ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

फेब्रुवारीत एकटाच शिकारीला गेलेला बून शॉनींच्या हाती सापडला. त्यांचा नायक ब्लॅकफिश मोठ्या तुकडीनिशी बून्सबरोवर निघाला होता. गढीची तटबंदी अपुरी होती. आत बायकामुले आणि मोजके पुरुष. बूनने क्षणात हिशेब केला. मीठवाल्यांना शरण आणतो, गढी वसंतात घ्या, एवढ्या थंडीत बायकामुलांना चालवत नेता येणार नाही, असे त्याने ब्लॅकफिशला पटवले. त्याच्या शब्दावर २७ जणांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांना ठार मारावे की नाही यावर शॉनींची सभा बसली आणि थोड्याच मतांच्या फरकाने ते वाचले, असे परतलेल्यांनी पुढे सांगितले.

काहींना डेट्रॉइटला इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. बूनला मात्र ब्लॅकफिशने पुत्र मानून घरी ठेवले. ‘शेल्टोवी’, म्हणजे मोठे कासव, हे नाव दिले. बून तिथे हसतखेळत राहिला, बरोबरच्या कैद्यांच्या डोळ्यांवर येईल इतका. जून महिन्यात बून्सबरोवर स्वारीची तयारी दिसताच तो निसटला आणि चार दिवसांत सुमारे १६० मैल तुडवून गढीत पोहोचला. घर रिकामे होते. पती गेलाच असे समजून रिबेका मुलांना घेऊन उत्तर कॅरोलिनात माहेरच्या माणसांत परतली होती.

सप्टेंबरमध्ये ब्लॅकफिश चारशेहून अधिक योद्धे घेऊन आला. आधी वाटाघाटी झाल्या, त्या झटापटीत मोडल्या आणि वेढा पडला. शॉनींनी नदीकाठाकडून भुयार खणायला घेतले, ते मुसळधार पावसाने खचले. अखेर वेढा उठला. ज्याने पुत्र म्हणून घरात घेतले त्याच्याच गोळ्या बूनने झेलल्या, हे या वेढ्याचे चमत्कारिक अंग आहे.

आणि ज्या गढीचे रक्षण केले तिनेच त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. कर्नल रिचर्ड कॅलवे आणि कॅप्टन बेंजामिन लोगन यांनी आरोप ठेवले : माणसे शत्रूच्या हवाली केली, डेट्रॉइटला इंग्रजांशी संधान बांधले, वेढ्याच्या वेळी अधिकाऱ्यांना तटाबाहेर वाटाघाटीला नेऊन धोक्यात घातले. कॅलवेचे दोन पुतणे त्या मीठवाल्यांत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा संताप कळतो. फसवणूक शत्रूची केली, गढीची नव्हे, असा बूनचा बचाव होता. लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. एवढेच नव्हे, मेजरपदी बढती दिली. पण हा घाव खोल गेला असावा. १७८४ मध्ये जॉन फिल्सनने बूनच्या तोंडची म्हणून जी कहाणी छापली आणि जिने त्याला युरोपातही प्रसिद्ध केले, तिच्यात या खटल्याचा शब्दही नाही. (डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी घातलेला बून ही नंतरच्यांची करामत. तो साधी फेल्ट हॅट वापरीत असे.)

१९ ऑगस्ट १७८२. यॉर्कटाउनला इंग्रज सेना शरण येऊन दहा महिने झाले होते. केंटकीत मात्र युद्ध संपले नव्हते. माघारी चाललेल्या शत्रूचा पाठलाग करीत १८२ स्वार त्याच ब्लू लिक्सच्या झऱ्यांपाशी आले. लेफ्टनंट कर्नल बूनला संशय आला. माग फार उघड होता, जणू कोणी बोलावत होते. समोरच्या टेकडीच्या घळींत शत्रू दडला असणार. लोगन मोठी कुमक घेऊन मागून येत आहे, थांबावे, असे त्याने सुचवले. तेवढ्यात ह्यू मॅकगेरी नावाच्या अधिकाऱ्याने घोडा पाण्यात घातला आणि भ्याड नसेल त्याने मागे यावे असे ओरडला. सारे गेले. बूनही गेला, कारण डाव्या बगलेची माणसे त्याची होती.

लढाई काही मिनिटांतच संपली. सत्तरच्या आसपास माणसे पडली. सेनापती जॉन टॉडही पडला. बूनने एक मोकळा घोडा पकडून तेवीस वर्षांच्या इझ्राएलला, आपल्या मुलाला, निघून जायला सांगितले. तो बापाला सोडून जाईना. त्याच जागी गोळी लागून तो गेला.

पुढचा काळ कागदपत्रांचा आहे. केंटकीत एकाच जमिनीवर चारचार हक्क नोंदले गेले होते. भूमापक म्हणून बूनने इतरांच्या सीमा आखल्या आणि स्वतःच्या जमिनी दाव्यांत घालवल्या. या काळात त्याने गुलामही बाळगले, हेही नोंदले पाहिजे. १७९८ मध्ये साक्षीला हजर न राहिल्याबद्दल त्याच्यावर अटकेचे वॉरंट निघाले; त्याच वर्षी केंटकीने एका परगण्याला त्याचे नाव दिले. १७९९ मध्ये तो स्पेनच्या ताब्यातील मिसूरीला गेला. स्पेनने दिलेली जमीन १८०३ च्या लुइझियाना खरेदीनंतर अमेरिकी कायद्यात टिकली नाही. १८१४ मध्ये काँग्रेसने ती परत दिली, ती त्याने केंटकीतले जुने देणे फेडण्यासाठी विकली.

२६ सप्टेंबर १८२० रोजी मुलगा नेथनच्या घरी त्याचे निधन झाले. सात वर्षांपूर्वी गेलेल्या रिबेकाच्या शेजारी मिसूरीतच त्याला पुरण्यात आले. १८४५ मध्ये केंटकीकरांनी दोघांच्या अस्थी उकरून फ्रँकफर्टला नेल्या आणि त्यावर स्मारक उभारले. उकरताना चूक झाली, बून अजून आमच्याच मातीत आहे, असे मिसूरीचे लोक सांगतात.