फुलीचा टाका पुन्हा हाती घेताना

बायांनो, तुर्भ्यात काय, बेलापुरात काय, बऱ्याच घरी पेटीत फुलीच्या टाक्याने अर्धा भरलेला रुमाल पडून असतो. तो आता काढला, तर सुईत दोरा जात नाही. हात विसरला नाही हो, डोळे बदलले! वयाच्या 40 च्या पुढे जवळचं अंधुक दिसतं. आधी चष्मा करून घ्या.

जुनी सुई खाडीच्या दमट हवेनं गंजली असेल, तर टाका. गंजाचा डाग सहजी निघत नाही. नवी सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची घ्या. लडीचा दोरा 6 पदरी असतो. पूर्वी किती पदर घेतले ते पाहून तेवढेच घ्या. दोरा हातभरच कापा. लांब दोरा गुंततो.

आणि जुनी फुली नीट पाहा. तिचा वरचा दोरा जिकडे कललाय, तिकडेच पुढच्या फुल्यांचा ठेवा. नाही तर जोड लगेच दिसतो.