मुकादम ग्रंथी आणि रक्तवाहिन्या



कामगार संघटनेच्या माणसाने ग्रंथींवर काय बोलावे, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर आम्हांला दिसतो आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. जे वाचले ते कचेरीच्या बाकावर बसून. पण ‘कामचुकार’ असा शेरा मारून घरी बसवलेल्या माणसांची बाजू मांडण्यात आमची उमर गेली. त्यांतले काही खरोखर आजारी असतात, आणि तो आजार वरून ओळखू येत नाही.

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पोषग्रंथी किंवा पिट्युइटरी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. आम्ही तिला मुकादम म्हणतो. गळ्यातील थायरॉइड, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी, स्त्रियांचे बीजांडकोश या सगळ्यांना ती रक्तातून हुकूम धाडते. तिच्यात गाठ होऊन हुकूम अतोनात सुटू लागले, तर चेहरा गोल होतो, रक्तदाब आणि साखर चढते. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली हा विकार वर्णिला. तिथे रक्तवाहिन्यांना धोका आहे हे कोणीही ओळखील. आम्हांला बोलायचे आहे ते मुकादम गप्प झाल्यावर काय होते त्याविषयी.

विष जखमेपाशीच थांबत नाही, हे आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. विंचूदंशाने हृदय आणि रक्तवाहिन्यांवर काय ओढवते, याचा अभ्यास डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-बिरवाडीकडेच केला, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने माणसे वाचू लागली. घोणशीची गोष्ट याहून लांबणीची. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे बसतात, आणि काही रुग्णांत पोषग्रंथीतच रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो. माणूस बरा होऊन घरी येतो. पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो गळून जातो; थंडी सोसत नाही, काखेतले केस झडतात. दंशाचा आणि याचा संबंध कोण जोडणार?

बायकांच्या वाट्याला हेच दुखणे दुसऱ्या वाटेने येते. गरोदरपणी ही ग्रंथी मोठी होते, पण तिला पोसणारे रक्त त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात रक्त फार गेले की ती मरते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली हे मांडले. काश्मीर खोऱ्यातील २००५ सालच्या पाहणीत बाळंतपण झालेल्या स्त्रियांत शेकडा सुमारे तीन जणींना हा विकार आढळला. अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि सासरचे म्हणतात, आळशी आहे.

आता रक्तवाहिन्या. या रुग्णांचा रक्तदाब बहुधा कमीच असतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. तिथेच फसगत होते. थायरॉइड मंदावली की रक्तातील कोलेस्टेरॉल साठते. वाढीचा हॉर्मोन हा लहान मुलांपुरता नाही. मोठेपणी तो कमी पडला तर पोटाभोवती चरबी धरते, धमन्यांचे अस्तर सैलावण्याची आपली शक्ती गमावते आणि भिंती जाड होतात. स्वीडनमधील ३३३ रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. त्यांना इतर हॉर्मोन दिले होते, वाढीचा नव्हता. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले मृत्यू अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट निघाले.

उपचार आहे. वाढीच्या हॉर्मोनची सुई महाग, ती आमच्या सभासदाच्या खिशाबाहेरची. पण कॉर्टिसोलच्या जागी द्यायच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या स्वस्त आहेत. क्रम मात्र चुकता कामा नये: कॉर्टिसोलची गोळी आधी, थायरॉइडची नंतर. उलट केले तर जीव धोक्यात येतो. कॉर्टिसोलची गोळी मनाने बंद करायची नाही, आणि ताप आला तर मात्रा वाढवावी लागते, ती किती हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दवाखान्यात गेल्यावर जुना सर्पदंश किंवा रक्त गेलेले बाळंतपण, वीस वर्षांपूर्वीचे असले तरी, न विचारता सांगावे.