तीन बाप आणि एक पिता

(वसंत व्याख्यानमालेत रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



ऐन मोसमात आंब्याच्या पेट्या भरायच्या सोडून तुम्ही प्रार्थनेवरचं व्याख्यान ऐकायला आलात, तेव्हा चिकाटीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! तरी पत्रिकेत विषय छापला आहे, ‘ख्रिस्ती प्रार्थना’. हा विषय आपल्या अंगणातला नाही असं कुणाला वाटत असेल, तर ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची आठवण करून देतो. नारायण वामन टिळक १८६१ साली जन्मले ते याच जिल्ह्यात, करजगावला.

पण आधी मूळ शिकवण. लूकच्या शुभवर्तमानात येशूने चिकाटीच्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एकीत मध्यरात्री पाहुणा येतो, घरात भाकर नाही, म्हणून यजमान शेजाऱ्याचं दार ठोठावतो. शेजारी आतूनच सांगतो, दार लावलंय, पोरं झोपलीत, मला उठवू नकोस. पण ठोठावणं थांबत नाही आणि शेवटी तो उठतो. दुसरीत एक विधवा न्याय मागायला रोज न्यायाधीशाच्या दारात जाते. त्याला ना देवाची भीती, ना माणसांची चाड. पण ही बाई आपला जीव खाईल एवढ्या एका धास्तीने तो निकाल देतो. कोर्टाची पायरी चढलेल्यांना ही गोष्ट फोडून सांगायला नको.

या गोष्टी ऐकून पुष्कळांची समजूत होते की देवाचा पिच्छा पुरवला की काम होतं. मला ही समजूत सपशेल चुकीची वाटते. येशूचा रोख उलट दिशेला आहे. असला झोपाळू शेजारी आणि असला कोडगा न्यायाधीशसुद्धा शेवटी हलतो, मग जो आधीपासूनच तुमच्या बाजूचा आहे त्याच्यापुढे तुम्ही कसला संकोच करता? म्हणून पहिल्या गोष्टीला लागूनच तो विचारतो, मुलाने मासा मागितला तर कुठला बाप त्याच्या हातावर साप ठेवील? मासळी खाणाऱ्या गावात याचंही निरूपण नको.

नवसात देणंघेणं असतं. एवढं दे, मी तेवढं फेडीन. मुलाच्या मागण्याला असा हिशेब नसतो. आपल्याकडे हे नाव न घेता सगळ्यांना ठाऊक आहे. नैवेद्य खा म्हणून विठ्ठलापुढे डोकं आपटायला निघालेला पोरवयाचा नामदेव नवस करत नव्हता, तो हट्ट करत होता. टिळक याच परंपरेत वाढले, तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे गेले, आणि ख्रिस्ती झाल्यावरही कीर्तन आणि अभंग त्यांनी सोडले नाहीत.

इथे एक अडचण येते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. देव बापासारखा आहे असं म्हटलं, की ऐकणारा लगेच स्वतःचा बाप आठवतो. तो तसा नसेल तर?

टिळकांचे वडील वामनराव तापट. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सासऱ्यांचं जे चित्र काढलं आहे, ते वाचून देवाला ‘बाप’ म्हणायला कुणाचीच जीभ रेटणार नाही. आई जानकीबाई मात्र प्रेमळ. आई गेली, तसा नारायणने घर सोडलं आणि नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकायला राहिला. पुढे नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोहोचले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या कवितेत ख्रिस्त ‘माउली’ होऊन येतो. मला यात काव्यालंकारापेक्षा त्यांचं बालपण दिसतं. घरात बापाकडून जे मिळालं नव्हतं ते आईकडून मिळालं होतं, आणि स्वर्गातल्या बापाची ओळख त्यांनी आईच्या खुणेवरून पटवली.

लक्ष्मीबाईंचे वडील वेगळ्या तऱ्हेचे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. घरची पोरं भीतीत वाढली. त्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळलं. जवळजवळ पाच वर्षं नवराबायकोची ताटातूट होती. टिळक पत्रं लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, बळजबरी मात्र केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने.

पण हे सगळं फार गोड करून सांगायला नको. संसारात ‘देव देईल’ असं म्हणणारा एक होता, आणि डब्यात पीठ किती उरलंय हे ठाऊक असलेली दुसरी होती. पैसे घेऊन बाजारात गेलेले टिळक भलतंच काहीतरी घेऊन परत यायचे. १९१७ साली तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. पुरुषाच्या श्रद्धेची किंमत बायकोच्या चुलीपाशी मोजली जाते. भक्तांच्या चरित्रांत हे बहुधा सापडत नाही. ‘स्मृतिचित्रे’त सापडतं, आणि तेही हसत हसत. तुकोबांच्या जिजाईची बाजू लिहिणारं कुणी देहूला नव्हतं, इथे ती खुद्द जिजाईनेच लिहिली!

तिसरे बाप अनंतशास्त्री डोंगरे, पंडिता रमाबाईंचे वडील. लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा हा माणूस. मद्रासकडच्या दुष्काळात तीर्थं, उपास, दानं सगळं करून झालं आणि शेवटी झाडपाल्यावर दिवस काढायची पाळी आली. मरताना त्यांनी धाकट्या रमाला जवळ घेतलं आणि तुला मी देवाच्या हाती सोपवलंय असं सांगितलं. हे त्यांनी सांगितलं ते अर्थातच हिंदू म्हणून. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली तेव्हा बापाचे हे शब्द आवर्जून नोंदवले. देवाला पिता म्हणायला त्यांना कुठली खूण शोधावी लागली नाही.

आणि मागण्यात या बाईंचा हात धरणारं कुणी नाही. १८९६ साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्या पहाटे रानात एकट्या गेल्या. तेव्हा त्यांच्या संस्थेतल्या १५ मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. रमाबाईंनी देवाकडे मागितलं की पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, २२५! प्रार्थनेत गणित घालणारी दुसरी व्यक्ती मला माहीत नाही. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला, रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन परतल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्तीसदनाचा विस्तार झाला तो या मुलींमुळे. प्रार्थना ऐकली गेली असं भाविक म्हणतील. मला मात्र ती ऐकली जाण्याची वाट दुष्काळातून गेली हे बोचतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने मदतीची हमी दिली होती दहा वर्षांची. ती मुदत संपत आली तेव्हा रमाबाई जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची पुस्तकं वाचत होत्या. हे लोक वर्गणी न मागता, फक्त प्रार्थनेवर संस्था चालवत. हिंदुस्थानात हे जमेल का, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी ते करून पाहिलं. १९०० च्या सुमारास मुक्तीत दोनेक हजार माणसं होती. रोजचा दोन हजारांचा स्वयंपाक! जानेवारी १९०५ मध्ये रोजची खास प्रार्थना सुरू झाली तेव्हा सत्तरेक जणी जमल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. त्या रडत, मोठ्याने, सगळ्या एकदम प्रार्थना करीत, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. बापाशी कुठल्या पट्टीत बोलायचं हे बाहेरच्यांनी ठरवायचं नसतं.

मागितलेलं मिळालंच नाही तर? गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तीनदा मागितलं की हा प्याला टळो, आणि तो टळला नाही. तरी ज्याला हाक मारली तो पिताच राहिला. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा होता ती, १९२१ साली आईच्या आधी गेली. तिच्यासाठी प्रार्थना झाली नसेल असं कोण म्हणेल? रमाबाई थकल्या होत्या, कानांनीही दगा दिला होता. त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं साध्या मराठीतलं भाषांतर पुढ्यात ठेवलं आणि मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवले होते तिथल्याच बायकांनी.